ढकलणारा स्नायू

बोरळकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दाराशी भांडत होते. दाराजवळ उभं राहून कुणाशी तरी नव्हे, खुद्द दाराशी. रिसोडच्या आमच्या शाळेत नववी ब चा वर्ग अगदी टोकाला होता आणि पावसाळ्यात ओल धरलेलं त्याचं दार दिवाळीनंतरही चौकटीत घट्ट बसायचं. पांढरा सदरा, पायजमा आणि काळी टोपी घातलेला एक किरकोळ माणूस अर्धवट उघडून अडकलेलं ते दार आतून दोन्ही हातांनी रेटत होता आणि आतली पन्नासेक पोरं गप्प बसून बघत होती.

"सांगा आता, माहा कोनता स्नायू हे दार ढकलून राह्यला?"

"हाताचा, सर."

"एकही नाही! एकही स्नायू ढकलत नाही! स्नायू ओढते. निस्ता ओढते. ढकलनारा स्नायू कोनाच्याच अंगात नाही!"

"पन सर, तुमी तर ढकलून राह्यले," मागच्या बाकावरून कुणीतरी प्रामाणिकपणे म्हणालं.

सरांनी दार सोडून दिलं. घाम पुसत ते बाहेर आले तर समोर मी, हातात नेमणुकीचं पत्र घेऊन उभा. मला हसू आवरलं नव्हतं. मराठीचा नवा शिक्षक, इंगोले, असं मी सांगितलं. "हासता कायले?" ते म्हणाले. "तुमाले तरी समजलं का?" मी हो म्हणालो. पहिल्याच दिवशी ज्येष्ठ सहकाऱ्याला नाही कसं म्हणणार? खरं म्हणजे मला काही समजलं नव्हतं, आणि समजून घ्यावं असंही वाटलं नव्हतं.

ही गोष्ट सत्तरनंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतली. तेव्हा वाशीम हा नुसता तालुका होता आणि जिल्ह्याच्या प्रत्येक कागदासाठी अकोल्याकडे तोंड करावं लागायचं. शाळेत विज्ञानाचं साहित्य म्हणजे एक लोहचुंबक, दोन परीक्षानळ्या आणि कुलूपबंद कपाट. कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे, आणि कपाटात कॅलेंडरं. सरांनी तीन वेळा अर्ज करून मानवी शरीराचा तक्ता मागवला होता. चौथ्या अर्जानंतर तो आला, तो पचनसंस्थेचा.

सर तसे सगळंच शिकवायचे, गणित, रसायन, प्रकाश, उष्णता. त्यांत ते साधारण चिडके होते. पण दिवाळीनंतर स्नायूंचं प्रकरण सुरू झालं की आम्ही शिक्षकसुद्धा त्या वर्गासमोरून जायचं टाळायचो. सर पोरांवर कधी हात उगारत नसत. डस्टर मात्र टेबलावर असं आपटायचे की शेजारच्या वर्गात माझी कविता थांबायची. आणि हाच माणूस फळ्यावर मुंगी दिसली तर ती बाजूला होईपर्यंत फळा पुसत नसे. सर जैन होते आणि नावापुरते जैन नव्हते. पिण्याचं पाणी घरून आणायचे, गाळलेलं, आणि ते पुन्हा रुमालातून गाळून प्यायचे. मुंगी जाईपर्यंत पन्नास पोरं आणि सर ताटकळत उभे. ती कडेला पोचली की सर पुन्हा ओरडायला मोकळे.

एवढं ओरडायचं कारण काय? तर पोरं पाठ करायची. "स्नायूंच्या आकुंचन व प्रसरणामुळे हालचाल होते." हे वाक्य नववीचं कुठलंही पोरगं झोपेत म्हणायचं, पण अर्थ विचारला की सांगायचं, आकुंचन पावला की स्नायू ओढतो आणि प्रसरण पावला की ढकलतो. हा 'ढकलतो' सरांना सहन होत नसे.

"अरे, तो सैल पडते! सैल पडलेली दोरी कोनाले ढकलते का? दंडाच्या पुढचा स्नायू आखूड झाला की हात वाकते. मंग सरळ कोन करते? मागचा! तो मागून कोपराच्या हाडाले ओढते. पुढच्यानं ओढलं की मागच्यानं सैल राहाचं, मागच्यानं ओढलं की पुढच्यानं. दार लोटते तो हात, पन हाताच्या आत सारी ओढाओढ."

मी शिक्षकखोलीत एकदा म्हणालो की सरांच्या अंगावर स्नायू शोधायचा तर भिंग लागेल. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. मग बाही वर करून त्यांनी आपला काडीसारखा दंड माझ्यापुढं धरला आणि मधली सुट्टी संपेपर्यंत मला त्याची नावं ऐकावी लागली.

नावांचं त्यांना वेडच होतं. पुस्तकातली संस्कृत नावं पोरांना राक्षसांची वाटायची आणि सर म्हणायचे, घाबरता कशाला, नावालाच विचारा. "नाव म्हणजे पत्ता हाय. कोनाचं नाव तो कुठं राहते त्यावरून, कोनाचं तो दिसते कसा त्यावरून, कोनाचं तो काम काय करते त्यावरून. द्विशिरस्क म्हणजे दोन डोक्यांचा. डोकं म्हणजे वरचं टोक. दंडाच्या पुढचा स्नायू वर दोन टोकांनी चिकटला, म्हणून द्विशिरस्क. मागचा तीन टोकांनी, म्हणून त्रिशिरस्क. पाठ कायले करता? मोजा ना!" परीक्षेत एका मुलीनं दंडाची आकृती काढून स्नायूला दोन डोकी काढली, नाकडोळ्यांसकट. सरांनी तिला पूर्ण गुण दिले. डोकी वरच्या टोकालाच काढली होती, असं त्यांचं म्हणणं.

या नावांपायी त्यांनी एकदा बाजारात जो तमाशा केला तो रिसोडमध्ये पुष्कळ दिवस सांगितला जात होता. मांडीवर एक लांबलचक पट्टीसारखा स्नायू असतो, कमरेच्या हाडापासून तिरका उतरून गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणारा. लॅटिनमध्ये त्याचं नाव शिंप्यावरून पडलंय, कारण शिंपी मांडी घालून बसतो आणि ती बैठक घालायला हा स्नायू लागतो. एवढं सांगून सरांचं भागलं असतं तर ते बोरळकर कसले? त्यांनी अख्खा वर्ग रांगेनं बाजारात नेला, श्यामराव शिंप्याच्या दुकानापुढं उभा केला, आणि बघतात तर श्यामराव स्टुलावर बसून पायानं मशीन चालवतोय.

"तुमी खाली बसून शिवत नाही?" सरांनी फसवणूक झाल्यासारखं विचारलं.

"मशीन आल्यापासून कोन बसते खाली, सर?"

"बसा. पाच मिन्टं बसा. लेकरायले पाहू द्या."

श्यामराव बिचारा भिडेखातर बसला. सर त्याच्या मांडीवर पट्टीनं रेघ दाखवत बोलत राहिले, पाच मिनिटांची वीस झाली, आणि सवय मोडलेल्या श्यामरावाच्या मांडीत असा गोळा आला की तो कापडाच्या ढिगावर आडवाच झाला. "अरे बापा, मेलो!" तो ओरडत होता. सर गुडघ्यावर बसून त्याची मांडी चोळत होते आणि पोरांना सांगत होते, "हात लावून पाहा, कसा टनक झाला! हेच ते आकुंचन!" पोरांनी हात लावून पाहिले. श्यामरावानं पुढं वर्षभर सरांचे सदरे शिवले नाहीत.

हसण्यासारखंच होतं सगळं. पण त्या वेळी मला वैताग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. हा माणूस इतकी खटपट करून अपयशीच होत होता आणि ते त्याला कळत होतं. त्यांनी घरी लाकडी पट्ट्यांचा हात केला, कोपराच्या जागी बिजागरी. स्नायू म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. पोरांना वाटलं, स्नायू म्हणजे रबर, ताणला की आपोआप परत येतो. सरांनी ट्यूब काढून सुतळी लावली. सुतळी ओढली की लाकडी हात वाकायचा. तर एक पोरगं म्हणालं, "सुतळी तर तुमी बाहेरून ओढून राह्यले. आतमंदी कोन ओढते?"

या प्रश्नावर सर इतके खूश झाले की त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली आणि आत आत सरकवली. बोटं आखूड होत नाहीत, पण दोन्ही मनगटं जवळ येतात. स्नायूच्या आत असेच बारीक धागे एकमेकांत सरकतात, असं ते सांगत होते. वर्गानं ते निमूटपणे ऐकलं. आणि पुढच्या चाचणीत निम्म्या पोरांनी लिहिलं, "स्नायू बोटांनी ओढतो व सुतळीने ढकलतो."

ती उत्तरपत्रिका घेऊन सर शिक्षकखोलीत आले आणि माझ्यापुढं बसले. ओरडले नाहीत. "इंगोले, चौदा वर्षं झाले," ते म्हणाले. "चौदा वर्षांत एका लेकरानंही खरा स्नायू हाडाले ओढताना पाह्यला नाही. मी तरी कुठं पाह्यला? पुस्तकातच पाह्यला ना." हेडमास्तर पुढल्या जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी सेवाज्येष्ठतेनं सरच येणार, हे ठरल्यातच जमा होतं. सरांना खुर्चीची हौस नव्हती. त्यांना कपाटाची किल्ली हवी होती, कॅलेंडरं बाहेर काढून एक खोली प्रयोगांसाठी हवी होती. एवढंच त्यांचं स्वप्न, आणि ते सहा महिन्यांवर आलेलं.

त्याच हिवाळ्यात गफूरचं प्रकरण झालं. गफूर आमचा शिपाई, तात्पुरत्या नेमणुकीवरचा, घंटा देणारा आणि पाणी भरणारा. त्या दिवशी शिक्षकखोलीत चुनकाम चाललं होतं म्हणून मी वह्या घेऊन नववी ब मध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. सरांचं तेच चाललं होतं. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराच्या खाली असतात, आणि तिथून दोऱ्यांसारखे चिवट बंध बोटांपर्यंत जातात. पोरं नेहमीच्या कोऱ्या चेहऱ्यानं बघत होती. सूचनांची वही घेऊन आलेला गफूर दारात थांबला होता. तो अडखळत म्हणाला,

"सर, गुस्सा नका होऊ. कोंबडीचा पाय आणू का? त्याची पांढरी दोरी ओढली की पंजा मिटते. आमच्या घरी लेकरं खेळतात."

वर्ग एकदम जागा झाला. "हो सर! मीबी खेळतो!" "आमच्या इथं बी, सर!" "दोरी ओढली की बोटं आवळतात, सर!" निम्म्याहून जास्त हात वर. सर त्या हातांकडं बघतच राहिले.

"तुमाले हे माहीत होतं?"

"हो, सर."

"सगळ्यायले?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही आतापर्यंत?"

 पुढच्या बाकावरची एक मुलगी खाली बघत म्हणाली, "तुमी जैन ना, सर. तुमच्यापुढं कोंबडीचं नाव कसं काढाव?"

मी सरांचा चेहरा विसरलेलो नाही. चौदा वर्षं प्रत्येक वर्गातली निम्मी पोरं हे खेळून, हातानं करून, डोळ्यांनी बघून बसली होती आणि सरांचा मान राखायचा म्हणून काही माहीत नसल्याचं तोंड करून ओरडा खात होती. सरांनी डस्टर उचललं, आपटलं नाही, नुसतं खाली ठेवलं.

"गफूर," ते म्हणाले, "माह्यासाठी काही कापाचं नाही. समजलं?"

"नाही सर. काल पाहुणे आले होते. पाय घरी पडून हाय."

"मंग आन."

गफूर पंधरा मिनिटांत वर्तमानपत्रात गुंडाळून ते घेऊन आला. सर खिडकीशी, चार हात लांब उभे राहिले. त्यांना ते बघवत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. गफूरनं पायाच्या मागच्या बाजूची पांढरी दोरी ओढली, पंजा आवळला. "सोड," सर म्हणाले. गफूरनं सोडली. मग सर एकदम मोठ्यानं म्हणाले, "आता समोरच्या बाजूनं पाह्य! तिथं दुसरी असन!" पोरं बाकांवर चढली. त्याच वेळी व्हरांड्यात पावलं वाजली आणि हेडमास्तर तर येत नाहीत ना म्हणून मी दाराकडं बघू लागलो. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मागं वर्गात मोठा कल्ला झाला, कशावर ते मी पाहिलं नाही. मी वळलो तेव्हा सर खिडकीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक, आणि हसत होते. त्या दिवशी चाचणी घेतली असती तर एकही 'ढकलतो' आला नसता.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोचली, बोरळकर सरांनी वर्गात कोंबडी कापली. कुणी सांगे टेबलावर, कुणी सांगे पोरांकडून.

संस्थेचे सचिव चार दिवसांनी आले. ते सरांच्याच समाजातले, लांबून नात्यातले, आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. कमिटीचं म्हणणं होतं की शाळेत मांस आणलं, गफूरला काढा. सचिवांनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं. "इंगोले सर, तुमी वर्गात होते म्हनतात. काही कापलं नाही, रक्त नाही, निस्ता पाठ चालू होता, असं तुमी लिहून द्या. बाहेरच्या समाजाच्या मास्तरानं लिहून देल्लं तर मी कमिटीले समजावतो. दोघंही वाचतीन."

चार ओळी लिहायच्या होत्या. पण कमिटीत कोण कोणाच्या बाजूला होतं मला माहीत नव्हतं, आणि कायम होण्याचा माझा कागद त्याच कमिटीपुढं होता. "मी वह्या तपासत होतो," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

 मग सचिवांनी सरांना बोलावलं. सर आत आले आणि कुणी काही विचारायच्या आधी म्हणाले, "पाय मीच मागवला. गफूरनं माहा हुकूम पाळला. त्याचं नाव कागदावर नोको." तसं त्यांनी लिहूनही दिलं, टपोऱ्या अक्षरात, मुद्देसूद.

गफूर राहिला. जूनमध्ये हेडमास्तर झाले ते सरांहून सहा वर्षांनी लहान, आणि कपाटात कॅलेंडरंच राहिली. सरांना संस्थेच्या मेडशीच्या शाखेत पाठवलं. तिथं सातवीपर्यंतच वर्ग, आणि सरांना दिला भूगोल. मी त्याच महिन्यात कायम झालो. मला पेढे वाटावे लागले. पहिला पेढा गफूरनं घेतला नाही, साखर खात नाही म्हणाला. असा संताप आला होता मला. गफूरचा, सचिवांचा, कोंबडी म्हटल्याबरोबर डोळे फिरवणाऱ्या गावाचा, आणि सरांचा तर सगळ्यांत जास्त. थोडे दिवस गप्प बसले असते, सहा महिने कळ काढली असती, तर किल्ली हातात आली असती. ज्याच्यावर खरं चिडायला हवं होतं त्याच्यापर्यंत यायला मला दोन वर्षं लागली.

दोन वर्षांनी ते मला वाशीमच्या एसटी स्टँडवर दिसले. दुपार कलली होती. बाकावर बसले होते, तोच सदरा, तीच टोपी, फक्त माणूस आणखी वाळलेला. मी जाऊन शेजारी बसलो. रिसोडची चौकशी झाली, मेडशीची झाली. भूगोल कसा चाललाय विचारलं तर म्हणाले, "नकाशे नाहीत."  अकोल्याची गाडी फलाटाला लागली. ती मेडशीवरून जायची. सरांनी पिशवी उचलली, तेव्हा मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही.

"सर, त्या दिवशी मी वर्गात होतो. माझं लक्ष होतं. मी सचिवांना खोटं सांगितलं."

"मले माहीत हाय. तुमी मागच्या बाकावर होते," सर म्हणाले. मी पुढं काही बोलणार, माफी मागणार, तेवढ्यात त्यांनी पिशवी खाली ठेवली. "लक्ष होतं म्हनता ना? मंग सांगा. आवळलेली मूठ उघडते कशानं?"

 "सैल सोडली की," मी म्हणालो. "आपोआप."

"आपोआप?" सर इतक्या जोरानं ओरडले की शेजारच्या बाकावरच्या बाईचं पोरगं दचकून रडायला लागलं. "आपोआप कशी उघडन? त्या दिवशी समोरची दोरी कायले ओढली मंग? मागच्या बाकावर बसून केलं काय तुमी!"

त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, बाही वर सारली, आणि माझ्याच डाव्या हाताची बोटं कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या बाजूला दाबून धरली. "वळा मूठ. घट्ट. आता उघडा, पुरी उघडा, बोटं मागं न्या. हलते का आत?"

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. मेडशीला जाणारी पुढची गाडी दिवस बुडाल्यावर होती, आणि दिवस बुडाल्यावर सर अन्नाला शिवत नसत.

"सर, गाडी निघाली."

"जाऊ द्या तिले," सर म्हणाले. "हलते का, ते सांगा."